बदलीवरचा खेळाडू

बेसबॉलवर बोलायला बसलेला माणूस हल्ली दुसऱ्या मिनिटाला पैशावर येतो. शोहेई ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, हुआन सोटोला पंधरा वर्षांचे ७६.५ कोटी, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, घरी नेणारे लॉस एंजेलिस डॉजर्स. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे क्लबमालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. त्यामुळे क्लबांच्या पगारखर्चाला वरून मर्यादा घालावी, म्हणजे सॅलरी कॅप आणावी, ही मालकांची जुनी इच्छा पुन्हा डोकं वर काढते आहे. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की एकजण हमखास म्हणतो, "बॉल फेकायचे सत्तर कोटी? कुठेतरी चाप लावायलाच हवा." दुसरा म्हणतो, "कोट्यधीश आणि अब्जाधीश भांडतायत, आपल्याला काय त्याचं!" दोन्ही वाक्यांना माना डोलतात आणि गाडी शाळांच्या ॲडमिशनवर जाते. मला या दोन्ही वाक्यांचा कंटाळा आला आहे. पहिल्यातला राग खरा आहे, पण तो भलत्याच दारावर जाऊन आदळतो. दुसरं तर निव्वळ आळसातून आलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅप नको. ओहतानीची काळजी करायला त्याचे वकील समर्थ आहेत, माझी गरज नाही. कॅप नको ती एडविन जॅक्सनसारख्या पिचरसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजासाठी, आणि त्याच्याही खालच्या शेकडो जणांसाठी, ज्यांची नावं त्यांच्याच गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतात. मेजर लीगच्या संघात सव्वीस जागा असतात. व्यवस्था कशी आहे हे बघायचं तर सव्विसाव्या जागेवरच्या माणसाकडे बघावं. पहिला खेळाडू कुठल्याही व्यवस्थेत सुखीच असतो.

सव्विसाव्या जागेच्या आसपास आयुष्य काढणाऱ्या, या क्लबातून त्या क्लबात जात राहणाऱ्या खेळाडूला अमेरिकेत 'जर्नीमन' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, जर्नी म्हणजे प्रवास, तेव्हा हा कुणी पायाला भिंगरी लागलेला गडी असणार. शब्दाचं मूळ निराळं आहे. फ्रेंचमध्ये 'जुर्ने' म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. मध्ययुगीन युरोपात उमेदवारी पुरी झालेला, हातात हुन्नर असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर उस्तादाकडे दिवसाच्या मजुरीवर राबायचा, तो जर्नीमन. आपण त्याला रोजंदार कारागीर म्हणू. कामात कच्चा म्हणून तो रोजंदार नव्हता. दुकान दुसऱ्याचं होतं म्हणून होता. आजच्या वादातली निम्मी गफलत या शब्दातच आहे. प्रवासी म्हटलं की वाटतं तो आपल्या मर्जीने निघाला. रोजंदार म्हटलं की लगेच प्रश्न येतो, रोज कोण देतं आणि उद्या नको कोण म्हणतं?

जॅक्सनचंच बघा. बाप अमेरिकन सैन्यात, म्हणून जन्म पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. ९ सप्टेंबर २००३ला, बरोब्बर विसाव्या वाढदिवशी, डॉजर्सनी त्याला ॲरिझोनाविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उभं केलं. समोरचा पिचर रँडी जॉन्सन. पोराने सामना जिंकला. २००६च्या जानेवारीत त्याला टँपा बेला देऊन टाकलं. २००८च्या डिसेंबरात डेट्रॉइट. तिथे २००९मध्ये तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत त्याची गणना झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ॲरिझोनाला रवाना. २५ जून २०१०ला त्याने आपल्याच जुन्या टँपा बेविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला सामनाभर एकही हिट मिळू दिली नाही. हल्ली शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बसवतात. त्या रात्री जॅक्सनने १४९ टाकले. आठ जणांना फुकट बेस दिला, सामना जेमतेम १-० असा जिंकला, पण जिंकला. बक्षीस काय? पाच आठवड्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवणी. २७ जुलै २०११ला शिकागोने त्याला टोरोंटोला दिलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुईसला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज सेंट लुईसने जिंकली, तेव्हा विजेत्यांना मिळणारी अंगठीही मिळाली. इथवर सहा वेळा त्याची अदलाबदल झाली आणि सहाही वेळा त्याच्या संमतीची कुणाला गरज नव्हती.

पुढे वॉशिंग्टन, मग शिकागो कब्जशी चार वर्षांचा ५.२ कोटी डॉलरचा करार, तिथून मुदतीआधी डच्चू, मग अटलांटा, मायामी, सॅन दिएगो, बाल्टिमोर, पुन्हा वॉशिंग्टन, ओकलंड. मे २०१९मध्ये टोरोंटोने ओकलंडला रोख पैसे देऊन त्याला घेतलं, आणि १५ मे रोजी तो टोरोंटोसाठी खेळला. आठ वर्षांपूर्वी ज्या क्लबचा तो काही तासांपुरता होता, त्याची जर्सी अखेर अंगावर चढली. हा त्याचा चौदावा क्लब. ओक्टाव्हियो डोटेलचा तेरा क्लबांचा विक्रम मोडला. सतरा हंगाम, १०७ विजय, १३३ पराभव. आकडे साधेच आहेत. पण सतरा वर्षं जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये कुणाला ना कुणाला हा माणूस हवा होता, हेही त्याच आकड्यांत आहे.

आता यात निष्ठा कुठे शोधायची आणि बेइमानी कुठे? 'हल्लीचे खेळाडू पैशासाठी क्लब बदलतात, पूर्वी असं नव्हतं' असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. १९६२मध्ये क्लीव्हलँडने हॅरी चिटी नावाचा कॅचर न्यूयॉर्क मेट्सना दिला. मोबदल्यात 'नंतर नाव ठरवू असा एक खेळाडू' घ्यायचं ठरलं. काही आठवड्यांनी नाव ठरलं: हॅरी चिटी. म्हणजे चिटीच्या बदल्यात चिटी. दुसरी गोष्ट ४ ऑगस्ट १९८२ची. जोएल यंगब्लडने दुपारी शिकागोत मेट्सकडून खेळताना हिट मारली. सामना चालू असतानाच त्याला कळलं की आपल्याला माँट्रियलला दिलं आहे. त्याने विमान पकडलं, संध्याकाळी फिलाडेल्फियात माँट्रियलची जर्सी घातली आणि तिथेही हिट मारली. एका दिवसात दोन शहरांत दोन संघांसाठी. ही गोष्ट क्रीडा चॅनेलवर गंमत म्हणून सांगतात. मला यंगब्लडचं कौतुक आहे, पण एखाद्या कारकुनाला दुपारच्या डब्यानंतर 'संध्याकाळपासून दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीत बस' म्हटलं तर आपण हसू का?

आणि 'पूर्वी असं नव्हतं' म्हणजे पूर्वी काय होतं? करारात 'रिझर्व्ह क्लॉज' होता. वर्षाचा करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा, वर्षानुवर्षं. त्याने जायचं नाही. क्लबने मात्र त्याला हवं तेव्हा विकायचं. १९२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापारच नव्हे असं म्हणत त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं सोडलं. ऑक्टोबर १९६९मध्ये सेंट लुईसने बारा वर्षं आपल्याकडे खेळलेल्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला. २४ डिसेंबरला त्याने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं की आपल्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी आपण मालमत्ता नाही. खटला चालला तेव्हा साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा कृष्णवर्णीय खेळाडू. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. कोर्टाने आपलाच पन्नास वर्षांपूर्वीचा निकाल विसंगत आहे हे मान्य केलं आणि तरी तो कायम ठेवला! तीन वर्षांनी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल देऊन रिझर्व्ह क्लॉजचा कणा मोडला. मालकांनी साइट्झना लगेच नारळ दिला.

फ्लडच्या लढ्यातून १९७३मध्ये एक नियम निघाला: मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेल्या आणि त्यांतली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येत नाही. नियम चांगलाच आहे. पण तो जॅक्सनच्या कधी कामाला आला? सतरा वर्षांत कुणी पाच वर्षं ठेवलंच नाही, तर हक्क लागू होणार कुठून? ज्याला सगळ्यात जास्त हलवलं जातं त्यालाच न हलण्याचा हक्क मिळत नाही.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत बरीच वर्षं बदलीवर होते. बदली कामगार म्हणजे काय हे गिरणगावातल्या घरांत सांगावं लागत नाही. पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं, कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला तर आत जायचं, नाहीतर डबा तसाच घरी आणायचा. मागावर बसल्यावर कापड तेच निघायचं, कायमवाल्याचं आणि बदलीवाल्याचं. फरक फक्त उद्याच्या खात्रीत. यंगब्लड दोन शहरांत धावला त्या वर्षी, १९८२मध्ये, मुंबईत गिरणी संप चालू होता आणि बदलीवाल्यांना कायम करा ही त्यातली एक मागणी होती. मेजर लीगची बरोबरी गिरणीशी करणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पगारापुरती ती आहेच. पण एका हंगामात ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची पायरी, आणि मेजर लीग यांच्यामध्ये वर-खाली होणाऱ्या पिचरला मी बघतो तेव्हा मला गेटच दिसतो. वरच्या कुणाचा खांदा दुखावला की याला फोन. त्याचा खांदा बरा झाला की याची बॅग. २०२२पर्यंत एका हंगामात किती वेळा असं वर-खाली करावं याला काही मर्यादाच नव्हती.

आता कॅपच्या बाजूचं म्हणणं, आणि त्यातलं सगळ्यात भक्कम. पिट्सबर्गने २०१५नंतर २०२५पर्यंत एकदाही प्लेऑफ पाहिली नाही. तिथल्या बापाने पोराला कुठल्या आशेवर मैदानात न्यावं? अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या लीगमध्ये कॅप आहे, पण तिच्यासोबत तळही आहे: क्लबला अमुक रकमेपेक्षा कमी खर्चच करता येत नाही, आणि एकूण उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जाईल असं गणित बांधलेलं असतं. बेसबॉलमध्ये तळ नाही. त्यामुळे काही मालक श्रीमंत क्लबांकडून वाटून आलेला महसूल खिशात घालतात आणि स्वस्तातली पोरं खेळवतात. तळ आला तर त्यांना कुणावर तरी खर्च करावाच लागेल, आणि तो जॅक्सनसारख्या अनुभवी, मधल्या किमतीच्या खेळाडूंवर होईल. म्हणजे कॅप जर्नीमनच्याच फायद्याची! हा युक्तिवाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन दिवस गप्प होतो.

मग लक्षात आलं की यात दोन वस्तू एकाच पुडीत बांधून विकल्या जात आहेत. मला तळ पाहिजे. त्यासाठी छत कशाला? महसुलाची वाटणी घेणाऱ्या क्लबाने त्यातला अमुक भाग पगारावरच खर्चावा, असा नियम कॅपशिवायही करता येतो. आणि छत खाली आलं की डोकं कुणाचं आपटतं? स्टार खेळाडू आपली पूर्ण किंमत वसूल करतोच, कारण त्याच्यावर तिकिटं विकली जातात. नवशिका स्वस्तच असतो. कापाकापी होते ती मधल्याची. फुटबॉलमध्ये दर मार्चला याचं प्रात्यक्षिक दिसतं: कॅपमध्ये जागा करायची म्हणून धडधाकट, अनुभवी खेळाडू काढून टाकतात. त्यांना 'कॅपचे बळी' असंच नाव आहे. तिथले बरेचसे करार पूर्ण हमीचे नसतात. बेसबॉलमधला करार हमीचा असतो. कब्जनी २०१५मध्ये जॅक्सनला काढलं, तरी २०१६अखेरपर्यंतचे पैसे त्यांना चुकते करावेच लागले. ही हमी खेळाडूंनी कॅप अडवून टिकवली. १९९४मध्ये मालकांनी कॅप लादायचा प्रयत्न केला तेव्हा २३२ दिवस संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि मार्च १९९५मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकमानंतर खेळ सुरू झाला.

राहता राहिली चुरस. फुटबॉलमध्ये कॅपखालीच न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहा विजेतेपदं नेली आणि कॅन्सस सिटी चीफ्सनी २०१९, २०२२ आणि २०२३च्या हंगामांची. उलट २०२५मध्ये बेसबॉलच्या साखळी सामन्यांत सर्वाधिक, ९७, विजय मिळवले ते मिलवॉकीने, छोट्या बाजारपेठेतल्या क्लबाने. हो, पुढे त्याच मिलवॉकीला डॉजर्सनी ४-० असं झोपवलं, हेही लपवत नाही. पैशाने फरक पडतोच. पण पिट्सबर्गच्या मालकाने पैसे बाहेर काढावेत यासाठी लॉस एंजेलिसच्या मालकाचे हात बांधायचे, हा कुठला उपाय?

कॅप आधी दुबळ्यांवर येते, याचा पुरावा बेसबॉलमध्येच आहे. परदेशातून येणाऱ्या तरुण खेळाडूंच्या बोनसवर २०१७पासून कडक मर्यादा आहे. ही मर्यादा युनियनने मान्य केली, कारण ज्यांच्यावर ती येणार होती ते डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातले सोळा-सतरा वर्षांचे पोरगे युनियनचे सभासदच नव्हते. तिच्या जाळ्यात एक मोठा मासाही सापडला. २०१७मध्ये तेवीस वर्षांचा ओहतानी जपानहून एंजल्स या क्लबकडे आला तो सुमारे २३ लाख डॉलरच्या बोनसवर आणि किमान पगारावर. त्याला ते सोसलं, तो ओहतानी होता. दक्षिण कोरियाच्या लीगनेही परदेशी खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कमाईवर १० लाख डॉलरची मर्यादा घातली आहे, आणि तिथे जाणारे परदेशी म्हणजे कोण? बहुतेक अमेरिकेतले जर्नीमनच.

युनियनचे हात स्वच्छ नाहीत हे १९९५मध्ये याहून जास्त उघडं पडलं. संप मोडायला मालकांनी वसंतातल्या सराव सामन्यांत बदली खेळाडू उतरवले. ते आले कुठून? मायनर लीगमधून, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरून, वर-खाली करून थकलेल्यांतून. रिक रीड त्यांतला एक. आईच्या औषधपाण्याला पैसे हवे होते. पुढे मेट्सकडून खेळताना तो उत्तम पिचर निघाला, दोनदा ऑल-स्टार झाला, पण संपफोड्याचा शिक्का गेला नाही. त्या वेळी उतरलेल्यांना युनियनने कधीच सभासद करून घेतलं नाही. २००१ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या ॲरिझोनाचा कॅचर डेमियन मिलर होता, पण विजयाच्या स्मरणार्थ निघालेल्या युनियनच्या परवान्याच्या वस्तूंवर त्याचं नाव नव्हतं. संपफोडीचं समर्थन मी करत नाही. गिरणगावात वाढलेल्या घरात ते शक्यही नाही. पण ज्या युनियनने मायनर लीगमधल्या माणसाला तोवर कधी आपलं मानलं नाही, तिने त्याच्याकडून निष्ठा मागावी हे मला पचत नाही.

"अहो, पण मिळतं की त्यांना भरपूर!" हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. २०२६चा मेजर लीगचा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. इथल्या कितीतरी इंजिनिअरांना तेवढं कमवायला चार-पाच वर्षं लागतील. मात्र हा पगार दिवसावर मोजला जातो. दिवसाचे साधारण ४,२०० डॉलर, आणि तेही वर असाल त्या दिवसांचेच. वीस दिवस वर राहिलेल्याला त्या वीस दिवसांचेच मिळतात. ट्रिपल-एमधला किमान वार्षिक पगार २०२३च्या करारानंतर ३५,८०० झाला. त्याआधी तो १७,५०० होता. आणि हे किती वर्षं? १९०२ ते १९९३ या काळात आलेल्या खेळाडूंचा, पिचर वगळून, एक अभ्यास आहे: सरासरी कारकीर्द ५.६ वर्षांची, आणि पाचातला एक पहिल्याच वर्षात संपलेला. शिवाय मुद्दा रकमेचा असता तर फ्लडने गप्प बसायला हवं होतं, तोही त्या काळचा गलेलठ्ठ पगार घेत होता. टीव्हीवर त्याला हेच विचारलं गेलं, तेव्हा तो म्हणाला की चांगला पगार मिळणारा गुलाम हाही गुलामच.

दुसरा आक्षेप लायकीचा. खेळ निष्ठुर असतो, लायक असेल तो टिकेल. बरोबर, पण लायकी ठरवणाऱ्यांचा अंदाज किती पक्का? ह्यूस्टनने २०१४च्या मार्चमध्ये जे. डी. मार्टिनेझला काढून टाकलं, ओकलंडने २०१७मध्ये मॅक्स मन्सीला. दोघेही पुढे ऑल-स्टार. रिच हिल २०१५च्या ऑगस्टमध्ये, पस्तिशीत, लाँग आयलंड डक्स नावाच्या अपक्ष लीगच्या संघात होता. म्हणजे मेजर लीगच्या तीसही क्लबांना तो नको होता. पुढच्या महिन्यात बोस्टनने चार सामने दिले, आणि २०१६च्या डिसेंबरात डॉजर्सनी तीन वर्षांचे ४.८ कोटी. २२ जुलै २०२५ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून खेळून त्याने जॅक्सनच्या चौदा क्लबांशी बरोबरी केली. डक्समधले ते दोन सामने मिळाले नसते तर लायकीवाल्यांनी हिलचं नाव कशाच्या उदाहरणात घेतलं असतं?

वाद वाईट पद्धतीने घालणाऱ्यांत जर्नीमनवर प्रेम करणारेही येतात. २६ एप्रिल २०२३ला पिट्सबर्गने ड्रू मॅगीला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. वय तेहेतीस, तेरा हंगाम, मायनर लीगचे १,१५५ सामने. स्टेडियम उभं राहिलं, त्याच्या नावाचा गजर झाला. तो स्ट्राइक-आउट झाला तरी टाळ्या थांबल्या नाहीत. मीही व्हिडिओ बघताना डोळे पुसले. काही दिवसांनी तो पुन्हा खाली गेला. जिद्द, चिकाटी, स्वप्न यांवर त्या आठवड्यात भरपूर लिहून आलं. पण त्या तेरा वर्षांत त्याच्यासारख्यांना काय मिळत होतं? मार्च २०१८मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, दोन हजारांहून जास्त पानांच्या खर्च विधेयकात एक छोटं कलम घुसवलं. नाव काय, तर 'अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा' कायदा. त्याने मायनर लीगच्या खेळाडूंना ओव्हरटाइमच्या हक्कातून वगळलं: आठवड्याला चाळीस तासांचं किमान वेतन दिलं की झालं, काम कितीही तास असो, तेही हंगामापुरतं. महिन्याला ते १,१६० डॉलर भरायचे. याच वेतनावरून खेळाडूंनी २०१४मध्ये केलेला दावा मेजर लीगने २०२२मध्ये १८.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू अखेर युनियनमध्ये आले आणि २०२३मध्ये त्यांचा पहिला करार झाला. पगार दुपटीच्या आसपास गेले. बदल्यात एका क्लबाने अमेरिकेत बाळगायच्या मायनर लीग खेळाडूंची कमाल संख्या १८० वरून १६५ वर आली. काही पोरांच्या जागा गेल्या. सौदा होता तो, आणि फुकट नव्हता.

हे सगळं माझ्या घरापासून अर्ध्या तासावर घडलं आहे. बालाजी मंदिरामुळे ब्रिजवॉटर आपल्या लोकांना ठाऊक असतं. तिथल्याच बॉलपार्कवर सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात. आधी हा अपक्ष लीगचा संघ होता, मेजर लीगने टाकलेल्यांचा. २०२०मध्ये मायनर लीगचे संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले गेले, तेव्हा मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीजनी ट्रेंटनचा हात सोडून ब्रिजवॉटरचा धरला. आम्हाला बढती मिळाली, ट्रेंटनने सतरा-अठरा वर्षं सांभाळलेला यांकीजचा डबल-ए, म्हणजे ट्रिपल-एच्या खालच्या पायरीचा, संघ गेला, स्टेटन आयलंडचा तर क्लबच बंद झाला. बुधवारच्या सामन्याला मी जातो तेव्हा डगआउटमधल्या एखाद्या तिशीच्या रिलीफ पिचरकडे लक्ष जातं. त्याच्यासाठी ओहतानीचे सत्तर कोटी ही बातमीसुद्धा नाही.

त्याच्या बाजूने वाटाघाटींकडे बघितलं तर मागण्यांचा क्रमच बदलतो. २०२२च्या करारात हंगामातल्या वर-खालीवर पाच वेळांची मर्यादा आली. ती तीनवर आणा. किमान पगार त्याच वेळी ५,७०,५०० वरून ७ लाखांवर गेला होता. तो वाढत राहू द्या. महसूल घेणाऱ्या क्लबांवर खर्चाचा तळ बांधा. एकाच क्लबातली पाच वर्षं हा निकष काढून, एकूण सेवा बघून संमतीचा हक्क द्या. यातल्या एकाही गोष्टीला कॅप लागत नाही, आणि जे आजवर मिळालं ते टेबलावर भांडून मिळालं आहे.

आणि एक जुनं देणं आहे. १९८०पासून मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले की पेन्शन लागू होते. त्याआधी चार वर्षं लागायची. १९८०च्या आधी निवृत्त झालेल्या, चार वर्षांत थोडी कमी पडलेल्या खेळाडूंना नवा नियम लागू केलाच नाही. त्यांना २०११मध्ये वर्षाला जास्तीत जास्त १० हजार डॉलरची मदत मिळाली, तीही पेन्शन म्हणून नव्हे. माणूस गेला की ती थांबते, बायकोकडे जात नाही. त्यांतला सगळ्यात धाकटाही आता साठी ओलांडून गेला आहे. या यादीचा खर्च दर वर्षी आपोआप कमी होतो, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना हे गणित चांगलं येतं.